ओल्द्रिखला पाठ असलेला रस्ता

"आधी चष्मा लाव," यार्मिला म्हणाली आणि तिनं टेबलावरचा कप बाजूला सारून नकाशा पसरला. "शनिवारी दुपारी तिथली माणसं रादिमला पुरणार. त्याच्या आत आपण तिथं पोचायचं, आणि त्याला घेऊन यायचं."

ओल्द्रिखनं चष्मा लावला नाही. "नकाशा कशाला? मला पाठ आहे."

घटस्फोट झाल्यापासून यार्मिलानं या घरात पाऊल टाकलं नव्हतं. चेक देशातल्या तेल्चसारख्या चिमुकल्या गावात दोघं चौकातल्या जुन्या कमानींखाली समोरासमोर यायची, मान हलवायची आणि पुढं जायची. पण मंगळवारी त्यांचा एकुलता एक मुलगा गेला. रादिम क्रोएशियाच्या किनाऱ्यावर, सेन्य नावाच्या गावात, बोटी दुरुस्त करण्याच्या आवारात काम करायचा. टेकूवर चढवलेली बोट घसरली तेव्हा तो खाली होता. नेवेनानं फोन केला. ही नेवेना त्याच्यासोबत राहत होती. तिची भाषा यार्मिलाला निम्मी कळली, उरलेली रडण्यात गेली.

"इथून दाचित्से, स्लावोनित्से, की ऑस्ट्रिया लागला," ओल्द्रिख सांगू लागला. "ग्रात्सला जेवण. पुढं स्लोव्हेनियाचा छोटा तुकडा, मग झाग्रेब, आणि शेवटी घाट. घाट उतरला की समुद्रच."

"वीस उन्हाळे लोकांना समुद्रावर नेलंस," यार्मिला म्हणाली. "मला स्लावोनित्सेच्या पुढं नेलं नाहीस."

"बसमधली सीट फुकट नसायची."

"ड्रायव्हरच्या बायकोलाही?"

सहलीच्या बसवर ओल्द्रिखनं उमेदीची वर्षं घालवली होती. समुद्र म्हणजे त्याच्या लेखी गाड्या लावायचं एक तापलेलं मैदान आणि बसच्या सावलीत काढलेली झोप.

"बरं, घाट कुठाय दाखव. मुक्काम कुठं पडेल ते बघते."

ओल्द्रिखनं बोट पुढं केलं. ते नकाशावर जरा फिरलं आणि टेकलं. यार्मिलानं वाकून पाहिलं. बोट हंगेरीतल्या एका तळ्यावर होतं.

तिनं बोटाकडं पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडं. तो तिच्या कानापाशी कुठंतरी बघत होता.

"ओल्दा, किती दिसतं तुला?"

त्यानं नकाशावरून बोट उचललं. "कडेकडेनं दिसतं. मध्ये काळं. तुझा हात दिसतो, तोंड नाही दिसत."

"आणि लायसन?"

"वसंतातच परत केलं."

"सांगितलं नाहीस कुणाला?"

"कुणाला सांगू?"

यार्मिला खुर्चीवर बसली. बसनं व्हिएन्ना, तिथून झाग्रेब, तिथून पुढची बस, असा हिशेब तिनं आधीच करून पाहिला होता. त्यात शनिवारची दुपार उलटून जात होती. भावाचा पाय प्लास्टरमध्ये होता. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसून मुलाला आणायला जायचं, तर वाटभर परक्या माणसासमोर रडायचं.

"तुझ्याकडं आहे की लायसन," ओल्द्रिख हळूच म्हणाला.

"आहे. तूच हसला होतास त्याला."

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिनं गाडी चौकातल्या कारंज्याला घासली होती. ओल्द्रिखनं ती गोष्ट पबमध्ये सांगितली, हावभाव करून सांगितली. पुढं कितीतरी दिवस माणसं तिला बघितलं की कारंज्याला जपा म्हणायची. तिनं पुन्हा चाकाला हात लावला नव्हता.

"आता नाही हसणार," तो म्हणाला.

"आता हसलास तर उतरवून ठेवीन वाटेत."

गुरुवारी गावातल्या तळ्यामागच्या मोकळ्या जागेत तिनं त्याची जुनी श्कोडा चालवून पाहिली. गाडी चार वेळा बंद पडली. शेजारी बसून ओल्द्रिख इंजिनाचा आवाज ऐकत होता. "क्लच सोड. हळू. अजून हळू. आता." तो ओरडला नाही, हेच तिला विचित्र वाटलं.

घरी येऊन तिनं मांसाचे काप अंड्यात आणि पावाच्या चुऱ्यात घोळवून तळले आणि पावात भरले. समुद्राला निघालेला प्रत्येक जण तेच नेतो. शेवटचा काप कढईत सोडताना आपण काय करतोय ते तिच्या ध्यानात आलं. तिनं गॅस बंद केला. तळलेले मात्र टाकवले नाहीत.

शुक्रवारी उजाडताच दोघं निघाली. "आता डावीकडं लाकडाची वखार येईल," ओल्द्रिख सांगायचा, आणि वखार यायची. ऑस्ट्रियात बराच वेळ सगळं त्याच्या सांगण्याप्रमाणे येत गेलं. ग्रात्सच्या पुढं मात्र तो म्हणाला, "पेट्रोलपंपापाशी उजवीकडं," आणि तिथं पंपच नव्हता.

"नवा रस्ता झालाय, ओल्दा. तीन फाटे आहेत."

"पाटीवर काय लिहिलंय?"

तिनं वाचलं. त्यातलं एकही नाव त्याला ओळखीचं नव्हतं. तो काचेकडं तोंड करून बसला. यार्मिलानं गाडी कडेला घेतली, भाजी विकणाऱ्या एका बाईला हातवारे करून विचारलं आणि परत आली.

"मधला," ती म्हणाली. "तू नव्हतास तेवढ्यात बांधलाय. तुझी चूक नाही."

क्रोएशियाच्या सीमेवर तरुण शिपायानं ओळखपत्रं घेतली. मागच्या सीटवरच्या डब्याचा वास गाडीभर पसरला होता. शिपाई हसला. "समुद्रावर?"

"हो," ओल्द्रिख म्हणाला. "समुद्रावर."

"मजा करा!"

यार्मिलानं गाडी पुढं काढली. मग ओल्द्रिखच्या घशातून एक आवाज आला. त्याला हसू फुटलं असं तिला आधी वाटलं.

घाटात वारा गाडीला ढकलत होता. खाली एकदम पाणी दिसलं, करडं आणि अफाट. यार्मिलाची नजर रस्त्यावरून हलली नाही. "दिसला का समुद्र?" त्यानं विचारलं.

"वळण आहे. बोलू नकोस."

सेन्यला रादिमच्या घरी नेवेना दारातच उभी होती. हाडकुळी, रादिमपेक्षा थोरली. त्याचा स्वेटर तिच्या अंगात होता. तिनं यार्मिलाच्या भाषेतले शब्द जुळवून ठेवले होते. "तो म्हणायचा, मला इथंच ठेवा. पण तुम्ही आई आहात. तुम्ही म्हणाल तर मी कागदावर सही करते, शववाहिनी त्याला तुमच्या गावी नेईल."

"मी त्याला न्यायला आलेय," यार्मिला म्हणाली.

नेवेनानं मान हलवली आणि सही करायला ती आत वळली. अंगणातल्या बाकावर पाचसहा माणसं बसली होती. रादिमच्या आवारातली. ती उठून उभी राहिली. एकेकानं पुढं होऊन हात दिला. तिसऱ्या माणसानं हात पुढं केला आणि मागं घेतला. तळहाताला फडकं गुंडाळलेलं होतं, त्यातून रक्त पाझरलं होतं.

"काय झालं?"

त्याला प्रश्न कळला नाही. नेवेना दारातूनच म्हणाली, "इथं माती नाही, नुसता खडक आहे. दफनभूमीच्या टेकडीवर खणायचं मशीन चढत नाही. या सगळ्यांनी पहारींनी खणलं, कालपासून. आज सकाळी झालं."

यार्मिलानं बाकीच्यांचे हात पाहिले. माणसांनी ते पाठीमागं नेले.

ती त्यांच्याच बाकावर बसली. तेल्चच्या दफनभूमीत वडिलांच्या शेजारी तिनं जागा राखून ठेवली होती. खरं तर स्वतःसाठीच. मग ती म्हणाली, "सही राहू दे."

"यार्मिला?" ओल्द्रिखनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"इथंच, ओल्दा. खणलंय त्यांनी."

खिशातून रुमाल काढून त्यानं चेहरा झाकला.

शनिवारी यार्मिला त्याला दंडाला धरून दफनभूमीत घेऊन गेली. वाट दगडांची होती. पाद्र्याची प्रार्थना म्हणून झाली, पेटी खाली गेली. वाऱ्यानं दोराचं टोक उडत होतं.

"कसं आहे इथं?" ओल्द्रिखनं विचारलं.

"सरूची झाडं आहेत. पांढरी भिंत आहे."

"रस्ता दिसतो का इथून? आपण आलो तो?"

भिंतीपलीकडं सगळीकडं नुसतं पाणी होतं.

"दिसतो," यार्मिला म्हणाली. "घाटातली गाडीसुद्धा दिसते."

तिनं वाकून खडीतून जेवढी निघाली तेवढी माती गोळा केली, त्याच्या मुठीत दिली आणि त्याचा हात धरून खड्ड्यावर नेला.