एकशे पासष्ट की दोनशे पाच

“टोक घट्ट धर. सरकू देऊ नकोस.”

वहिनींनी टेपचं टोक मडगार्डच्या कडेवर अंगठ्याने दाबून धरलं. साहेबांनी टेप आत ओढली, चाक जिथे बसतं त्या लोखंडी तबकडीला टेकवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि आकडा वाचला. मग तोच आकडा पुन्हा वाचला. मग वहीत लिहिला, आणि नीट लिहिलाय की नाही हे बघायला टेपवर तिसऱ्यांदा वाचला.

“बदलला का?” वहिनींनी विचारलं.

“काय?”

“आकडा. मघापासून तीनदा बघताय म्हणून विचारलं.”

साहेबांनी वहीचं पान उलटलं. चौतीस वर्षं कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात घालवलेल्या माणसाला नवरा म्हणून पत्करलं की असले प्रश्न आपले आपणच विचारायचे आणि आपणच विसरायचे असतात. गॅरेजातली मंडळी पाठीमागे त्यांना मिलिमीटरसाहेब म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं. एवढं चांगलं नाव तोंडावर का घेत नाहीत, याचंच त्यांना वाईट वाटायचं.

गाडी लोखंडी स्टँडवर बिनचाकांची उभी होती. दोन सीटची, बुटकी, लांब नाकाची, त्यांच्या लग्नापेक्षा सात वर्षांनी मोठी. अकरा वर्षांपूर्वी एका गोदामात सापडली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. त्यानंतर साहेबांनी इंजिन खोललं, गिअर बदलले, पत्रा ठोकून घेतला, सीटं नव्याने शिवून घेतली, गडद हिरवा रंग दिला. आता फक्त चाकं राहिली होती. जुनी गंजून गेलेली, तेव्हा नवी घ्यायची. आणि नवी घ्यायची तर किती रुंद, या एका प्रश्नावर गाडी चार महिने अडून बसली होती.

कंपनीने मुळात दिलेले टायर एकशे पासष्टचे, म्हणजे साडेसोळा सेंटिमीटर रुंद. त्यांच्यावर ही गाडी हलक्या हाताने वळते, पण दिसते मात्र पहिलवानाने शाळकरी पोराचे बूट घातल्यासारखी. दोनशे पाचचे घातले की तीच गाडी खांदे रोवून, जमिनीला धरून उभी राहते. मात्र त्यांना रिमही रुंद लागते, टायर मडगार्डला आतून घासायची भीती असते, आणि पॉवर स्टिअरिंग नसलेल्या या गाडीचं स्टिअरिंग महाजड होतं. साहेब अकरा वर्षं वहीत एकशे पासष्ट लिहीत आले होते आणि दोनशे पाचची गाडी रस्त्यात दिसली की मान मोडेपर्यंत वळून बघत आले होते.

मेकॅनिकने दोन्ही सेट मागवून भिंतीशी रचून ठेवले होते. बसवून बघा, आवडतील ते ठेवा, नको ते मी परत करतो, असं त्याचं म्हणणं. पन्नाशीचा, अबोल, पण कामात वाघ. साहेबांचं आणि त्याचं जमायचं, कारण दोघांनाही अंदाजाने काही केलेलं खपत नसे.

नऊ महिन्यांपूर्वी साहेबांना अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन गेला होता. बोलणं आठवड्याभरात सुधारलं, पाय महिन्याभरात. डावा हात मात्र पुरता परत आला नाही. कप उचलायचा, पण तोंडापर्यंत नेईल याचा भरवसा नाही. गाडी चालवणं सध्या नको, असं डॉक्टर म्हणाले. त्या सगळ्या बोलण्यातला ‘सध्या’ तेवढा साहेबांनी घरी आणला. दोन महिन्यांत ते रोजच्या गाडीचं स्टिअरिंग धरून बसले, आणि वहिनी शेजारी जीव मुठीत धरून. पंधरा दिवसांपूर्वी बाजाराच्या वळणावर डावा हात सुटला. गाडी फुटपाथवर चढली. तिथे उभी असलेली एक बाई मागे उडी मारून वाचली. तिच्या पिशवीतले बटाटे रस्ताभर झाले. वहिनींनी खाली उतरून ते गोळा केले, बाईची हात जोडून माफी मागितली. स्टिअरिंगमध्ये काहीतरी अडकतंय, दाखवायला हवं, एवढंच साहेब म्हणाले.

त्या दिवसापासून रोजच्या गाडीची किल्ली वहिनींच्या पर्समध्ये होती आणि घरात त्यावर चकार शब्द निघाला नव्हता. पण या गाडीची किल्ली साहेबांच्या टेबलाच्या खणात होती. चाकं बसली की रविवारी सकाळी नदीकाठच्या रस्त्याने पहिली फेरी, हे त्यांनी चार जणांना सांगूनही टाकलं होतं. त्यांना समजावून सांगणं हा मार्ग वहिनींनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी सोडून दिला होता.

म्हणून बुधवारी त्या एकट्याच गॅरेजात आल्या होत्या.

“रुंद टायर घातले तर त्यांना वळवता येईल का हो गाडी?”

मेकॅनिकने हातातलं काम खाली ठेवलं. “चालत्या गाडीत एखादवेळी. उभ्या गाडीत नाही. गेटमधून बाहेरसुद्धा काढता येणार नाही त्या हाताने.”

“मग रुंदच घाला.”

“वहिनी, मी आजवर कुणाला मुद्दाम जड गाडी दिलेली नाही.”

“मुद्दाम कुठे? त्यांच्या मनात तेच आहेत. तुम्ही फक्त मोडता घालू नका.”

तो बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. “मी काहीच म्हणत नाही,” तो शेवटी म्हणाला. “साहेब म्हणतील ते.”

वहिनींना तेवढं पुरेसं होतं. वाटेत त्यांना आपण फार हुशारी केली असं वाटत होतं. घराचं कुलूप उघडताना रडू आलं.

आता साहेबांनी वही मिटली, पेन्सिल खिशाला लावली आणि गाडीभोवती एक चक्कर मारून बायकोसमोर येऊन उभे राहिले.

“चल, तूच सांग. काय घालूया?”

अकरा वर्षांत त्यांनी या गाडीबद्दल बायकोला एकदाच विचारलं होतं, रंग कुठला द्यायचा म्हणून. तिने निळा सांगितला होता. वहिनींनी भिंतीशी रचलेल्या रुंद टायरांकडे बघितलं. हे असं सोपं होईल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि सोपं झालं तेच जास्त अवघड होतं.

“रुंद,” त्या म्हणाल्या.

“खरं?”

“रुंदच शोभतील. एवढा जीव लावलात, आता ऐन वेळी हौस कशाला मारायची?”

साहेबांचा चेहरा असा फुलला की वहिनींना तिकडे बघवेना. त्या उगाच टेप गुंडाळायला लागल्या.

“ऐकलंत का?” साहेबांनी मेकॅनिकला आवाज दिला. “हायकोर्टाचा निकाल आहे. यापुढे अपील नाही!”

मेकॅनिक वहिनींकडे न बघता रुंद चाकं उचलायला गेला.

टायर घासतो की नाही हे तो नुसत्या डोळ्यांनी ठरवत नसे. लहान मुलं खेळतात ती रंगीत माती त्याच्याकडे डबाभर असे. तिच्या सुपारीएवढ्या गोळ्या तो मडगार्डच्या आत चिकटवी, गाडी जमिनीवर उतरवी आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावी. टायर फार जवळ आला की गोळी चेपते, आणि चेपलेल्या गोळीची जाडी मोजली की मध्ये किती जागा उरली ते कळतं. साहेबांनी ही पद्धत पहिल्यांदा पाहिली, त्याच संध्याकाळी त्याला घरी चहाला बोलावलं होतं.

चारही चाकं चढली. नट आवळले, गोळ्या चिकटवल्या, गाडी हळूहळू खाली उतरली. देखणी दिसत होती, अगदी वहिनींनाही ते नाकबूल करता येईना. साहेब दोन पावलं मागे सरकून नुसते बघत राहिले. मग दार उघडून, एक पाय आत, मग अंग, मग दुसरा पाय, असे सावकाश आत बसले.

“फिरवा, साहेब,” मेकॅनिक म्हणाला.

साहेबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि फिरवलं. टायर जमिनीवर कुरकुरला. पाव चक्कर झाली आणि डावा हात सुटून मांडीवर पडला. त्यांनी तो उजव्या हाताने उचलून पुन्हा जागेवर ठेवला, एखादं हत्यार उचलून ठेवावं तसा. पुन्हा फिरवलं. पुन्हा सुटला. मग त्यांनी डाव्याचा नाद सोडला आणि उजवा खांदा घालून ओढायला सुरुवात केली. मानेच्या शिरा ताठ झाल्या, कान लाल झाले. अर्धी चक्कर होऊन स्टिअरिंग थांबलं ते थांबलंच.

वहिनी समोर उभ्या होत्या आणि काचेतून त्यांना सगळं दिसत होतं. हेच तर हवं होतं तुला, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण आपल्या माणसाला असं हरताना बघायचं, तेही आपणच घडवून आणलेलं, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

“घासतंय का?” साहेबांनी आतून विचारलं. त्यांना दम लागला होता.

मेकॅनिक वाकला. गोळी जशीच्या तशी गोल होती. चाक तिच्या आसपाससुद्धा पोचलं नव्हतं.

“नाही, साहेब. कुठेच नाही.”

साहेब उतरले आणि त्यांनी शर्ट खाली ओढून नीट केला.

“अर्ध्या चकरेत कसं घासेल?” ते म्हणाले. “तू बस गं.”

“मी?”

“पूर्ण फिरव. मी बघतो.”

वहिनी रोजची गाडी बाजारात, बँकेत न्यायच्या. ही गाडी त्यांनी फडक्याने पुसण्यापलीकडे हाताळली नव्हती. सीट इतकी मागे होती की पाय पेडलला जेमतेम टेकत होते आणि समोर रस्त्याऐवजी स्टिअरिंगची वरची कड दिसत होती. त्यांनी पदर खोचला, पुढे सरकून दोन्ही हातांनी जोर लावला. जड होतं, पण फिरलं. शेवटपर्यंत फिरलं.

“थांब.”

साहेब गुडघ्यांवर बसले. मेकॅनिक पुढे झाला, त्याला त्यांनी हाताने थोपवलं. मडगार्डच्या आत हात घालून त्यांनी चेपलेली गोळी अलगद काढली आणि खिशातल्या व्हर्नियरमध्ये, जाडी मोजायच्या पट्टीत, धरली.

“दोन पूर्णांक एक मिलिमीटर,” त्यांनी वाचलं. या वेळी एकदाच वाचलं. “पहिल्या खड्ड्यात घासणार. काढा हे. अरुंद बसवा.”

वहिनींनी घाईने स्टिअरिंग सोडलं. “अहो, पण तुम्हाला हे आवडलेत ना! मडगार्डची आतली कड जरा मुडपून घेतली तर? काय हो, येईल ना मुडपता?”

मेकॅनिक छताकडे बघत होता. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

“मडगार्डची कड मुडपता येते,” साहेब म्हणाले, “हे तुला कुणी सांगितलं?”

साहेब गाडीला धरून उठले आणि गुडघे झटकले.

“अकरा वर्षांत तू पहिल्यांदा माझ्या हौसेच्या बाजूने बोललीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. रागाला काय उत्तर द्यायचं हे वहिनींना चांगलं माहीत होतं.

“सरळ सांगायचं होतंस मला,” ते म्हणाले.

“सरळ डॉक्टरांनी सांगितलं होतं. ऐकलंत?”

साहेबांनी विचार केला. “नाही,” ते म्हणाले.

मेकॅनिक टूलबॉक्सशी जाऊन, हातातच असलेला पाना शोधू लागला. साहेबांनी त्याला परत बोलावलं.

“एकशे पासष्ट. चारही. आणि ही सीट पुढे घ्या, चार खाचा तरी.”

“चार?” मेकॅनिक म्हणाला. “मग तुमचे पाय मावायचे नाहीत, साहेब.”

“माझे कशाला मावायला हवेत? मी पलीकडे बसणार.”

वहिनी अजून आतच होत्या. साहेबांना थांबवायचं एवढंच त्यांनी ठरवलं होतं. त्यापुढचा विचारच केला नव्हता. लांबलचक हिरव्या बोनेटपुढे गॅरेजचं दार होतं आणि दारापलीकडे रस्ता.

“मला नाही जमायचं,” त्या म्हणाल्या. “मला भीती वाटते हिची.”

साहेब खिडकीशी वाकले. मेकॅनिकला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलले.

“मलाही वाटते. पंधरा दिवस झाले. रोज वाटायचं, तू काहीतरी म्हणशील.”

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. मग खिडकीबाहेर मान काढून मेकॅनिकला सांगितलं, “चार नको हो. पाच घ्या.”