फलकावरचा जानराव

पिवळ्या रंगाचा थेंब ब्रशच्या टोकाशी लोंबत होता, आणि तो ठिणगीच्या जागी टेकवायचा देवीदासला धीर होत नव्हता... समोर भिंतीला टेकून गेल्या वर्षीचा, त्रेसष्टचा फलक. 'कुशल कारीगर प्रतियोगिता', आणि त्याखाली वेल्डर जानराव — काळ्या काचेचा मुखवटा कपाळावर सारलेला, हातात धगधगता जाळ, उघडे, हसरे डोळे. असे सहा फलक भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या चौकाचौकांत लागले आणि नावं नोंदवायला कामगारांची रांग लागली. म्हणून तर आज सकाळी प्रचार विभागाचे साहेब म्हणाले, "वही बनाओ. बस, साल बदल दो."

साल बदलायचं, एवढंच. पण ते डोळे उघडे कुणी ठेवायला लावले? मीच. "भाऊ, चेहरा दिसला पायजे, अन् जाळबी. एकडाव अजून..." एकडाव कुठला — सात-आठ वेळा! आणि उघड्या डोळ्यांनी जाळ बघायचा नाही, हे पहिल्याच दिवशी शिकलेलं विसरून जानराव, आपलं चित्र निघतंय म्हणून लाजत, जाळाकडे बघत राहिला. डोळ्यांची आग आठवड्यानं शमली. नजर परतली नाही. स्पर्धेत तो उतरलाच नाही.

जेवणाच्या सुट्टीत देवीदासची सायकल कॅम्प-१ या कामगार वस्तीतल्या जानरावच्या घराकडे वळली. वर्षभरात प्रथमच. जानराव दारात बसला होता. त्याची बायको गिरजाबाई तांदूळ निवडत होती.

"कोन?"

"मी... देवीदास."

"ये ना. कावून नाही आला इतके दिवस?" जानराव त्याच्या रोखानं, पण किंचित बाजूला बघत होता. "कडंकडंचं दिसते मले. मधात काळा ठिपका हाय. मानसाकडे पाह्यलं का तोंडच गायब."

देवीदासनं साहेबांचं म्हणणं सांगितलं. मग घाईघाईनं म्हणाला, "औंदा चित्रात मुखवटा खाली ओढलेला दाखवतो, भाऊ. तोंडावर."

गिरजाबाईचा हात सुपात थांबला.

"मंग मले कोन वळखीन?" जानराव म्हणाला. "चौकात तरी मी चांगला दिसून राहिलो."

माफ करा म्हणायचं सोडून देवीदास बोटावरचा पिवळा रंग खरवडत बसला. गिरजाबाई उठून आत गेली.

"तू बोलून कावून नाही राहिला?" जानरावनं मान वळवून त्याचा चेहरा शोधला. आणि देवीदासला उमगलं — गिरजाबाई आत गेल्यापासून आपला चेहरा बघणारं कुणी नाही, आणि आपण तो सावरलेलाच नाही. ना दुःख दाखवावं लागतंय, ना लाज लपवावी लागतेय... आणि हे बरं वाटतंय. इतकं बरं, की त्याला स्वतःचीच भीती वाटली.