एकच समजा

आमची संस्था गरजूंना व्हीलचेअर, कुबड्या आणि रुग्णांच्या खाटा वापरायला देते. बरे झालेले लोक वस्तू स्वतः आणून देतात, बरे न झालेल्यांचे नातेवाईक आणून देतात. एकूण व्यवहार चोख. कुणाकडे काय गेलंय, देणगी कोण देतं आणि नुसतं आश्वासन कोण देतं, हे लक्षात ठेवायला एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे. त्याला मालक नाही. जगभरातले हौशी लोक ते मिळून लिहितात, मिळून बिघडवतात आणि मिळूनच दुरुस्त करतात. अधूनमधून त्यांचा मेळावा भरतो. गेल्या वर्षी तो आमच्या हॉलमध्ये भरला.

हॉलचा कारभार दोन जुळ्या बहिणींकडे होता. थोरली काही मिनिटांनीच थोरली, पण ती मिनिटं तिने जन्मभर पुरवून वापरली. डावखुरी, एका गुडघ्याने लंगडणारी, बिनसाखरेचा चहा पिणारी. धाकटी उजव्या हाताची, चहात चमचा उभा राहील इतकी साखर घेणारी, आणि हसली की जुन्या खाटेच्या स्प्रिंगा वाजल्यासारखी. दोघींनी लग्न केलं नाही. "भांडायला घरात माणूस आहे की," असं धाकटी म्हणायची. हॉलची खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर त्यांचं रोज वाजायचं आणि त्यावर आम्ही आपापली घड्याळं लावायचो.

मेळाव्याच्या दिवशीही खिडकीवरून वाजलं. थोरली पाय आपटत कुबड्या लावायला गोदामात निघून गेली. इकडे मेळाव्याचा म्होरक्या, एक गोड बोलणारा दाढीवाला, दुबार नोंदी शोधून दाखवत होता. पडद्यावर शेजारी शेजारी दोन रकाने आले. आडनाव तेच, पत्ता तोच, फोन तोच, जन्मतारीखही तीच.

"मावशी, ही एकच बाई दोनदा भरलेली दिसते. मर्ज करू? दोन्हींची मिळून एकच नोंद होईल."

धाकटी अजून घुश्श्यात होती. "करा. एकच समजा. तेवढाच डोक्याला आराम."

"नक्की ना? एकदा केलं की मागे फिरवता येत नाही."

"तिला तरी कधी मागे फिरवता आलंय?"

लोक हसले. दाढीवाल्याने बटण दाबलं.

गोदामातून कुबड्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज येत होता, तो थांबला. जरा वेळाने धाकटीचा राग उतरला आणि ती बहिणीला चहाला बोलवायला आत गेली. परत आली ती एकटीच. लंगडत.

"थोरली कुठे गेली?" तिने विचारलं.

"कोण थोरली?" दाढीवाल्याने विचारलं.

थोरलीच्या धाकाने वर्षानुवर्षं चपला बाहेर काढणाऱ्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "अगं, तुला बहीण होती? कधी बोलली नाहीस."

मला मात्र थोरली स्वच्छ आठवत होती. माझ्या समजुतीने त्याचं कारण एवढंच, की त्या सॉफ्टवेअरमध्ये माझं नाव नाही. मी घालू देत नाही. नाव घातलं की वाढदिवसाला शुभेच्छा येतात, आणि या वयात वाढदिवसाची आठवण करून देणाऱ्याला मी हितचिंतक मानत नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटी माझ्याकडे आली. चहा दिला तर साखरेचा डबा तिने दूर सारला. डाव्या हाताने.

"भाऊ, तुम्ही तरी ओळखता ना तिला?"

"कुबडी उशिरा परत केली म्हणून चारचौघांत माझी बिनपाण्याने केली होती तिने. विसरेन कसा?"

तिला तेवढ्यानेही बरं वाटलं. मग हळूच म्हणाली, "घरी दोन ब्रश आहेत. मी एकानेच दात घासले. दोन्ही ओले निघाले." आणि थोड्या वेळाने, "माझ्या शब्दाने गेलीय ती. मलाच परत आणायला हवी."

तिने त्या हौशी मंडळींच्या इंटरनेटवरच्या फलकावर तक्रार लिहिली: मर्ज केल्यावर बहीण नाहीशी झाली. उत्तरं भराभर आली. एकाने सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती म्हणून विचारलं. एकाने लिहिलं, आमच्याकडे असं होत नाही. एकीने सुचवलं की मर्जचं बटण लाल असावं, आणि लाल की केशरी यावर आठवडाभर चर्चा रंगली. एकाने बजावलं, हाच प्रकार पुन्हा घडवून दाखवा, तरच मानू. त्यासाठी नाव द्यायला कुणी पुढे आलं नाही.

शेवटी दाढीवाल्याला दया आली. त्याला थोरली आठवत नव्हती, पण रडणारी बाई समोर दिसत होती. त्याने 'वेगळं करा' असं नवं बटण लिहिलं आणि एका दुपारी स्वतः हॉलमध्ये घेऊन आला.

"तिचं सगळं कुठून आणणार?" धाकटीने विचारलं.

"नव्याने कुठून आणणार, मावशी? आहे त्या नोंदीवरूनच दोन करायच्या."

तिला अडवायला मी खुर्चीतून उठलो. मी तोंड उघडेपर्यंत तिने बटण दाबलं होतं.

गोदामात कुबड्या आपटल्या. दार उघडून एक बाई लंगडत बाहेर आली आणि धाकटीशेजारी येऊन बसली. तोच स्वेटर, तीच वेणी. दाढीवाल्याने तक्रारीपुढे 'निकाली' लिहिलं आणि जगभरातून अंगठे वर आले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "या दोघी तर पहिल्यापासूनच आहेत."

मी दोन कप चहा पुढे ठेवला. दोन डावे हात आले. दोघींनी साखर दूर सारली, आणि आपलं सारखेपण पाहून दोघीही हसल्या. स्प्रिंगा दोन्हीकडून वाजल्या.

मी मुद्दाम उठून खिडकी उघडली आणि वाट पाहिली. खिडकीवरून कुणीच भांडलं नाही.

मग दोघींनी गोदामाच्या दाराकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि एकाच आवाजात विचारलं,

"भाऊ, थोरली नाही आली अजून?"