कुंकवाखालची लाल बत्ती

"पप्पा, ह्यातली एक डिस्क चालू असताना खेचून काढली तर काय होईल?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मनस्वीने एकदा हे विचारलं होतं. घणसोलीत फोटो स्टुडिओ चालवणारे तिचे पप्पा, शिवादादा, हसले. "काय व्हनार हाय? बाकीच्या तिघी सांभालून घेतील."

मित्रांनो, मी त्या चौघींतली एक जुनी हार्ड डिस्क आहे. स्टुडिओतल्या काळ्या डब्यात आम्ही एकीखाली एक बसायचो. आलेला व्हिडिओ तुकडे करून वाटून घ्यायचो. चौघी एकदम लिहायचो, म्हणून काम भराभर व्हायचं. शिवाय तुकड्यांसोबत थोडा जास्तीचा हिशेब ठेवायचो. एक मेली, तर तिघी त्यावरून तिचे तुकडे पुन्हा मांडू शकायच्या. केवढं कौतुक होतं आमचं!

आमच्याजवळ सगळ्यात मोलाचा होता राहीबाईंचा आवाज. त्या गावच्या धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणाऱ्या. शिवादादांनी ते रेकॉर्ड केले, आणि नंतर राहीबाई वारल्या. नातीच्या हळदीला तेच धवले लावायचे, असं त्यांच्या लेकीने, शालनने, ठरवलं होतं.

दसऱ्याला मनस्वीच्या मम्मीने डब्याची पूजा केली. आमच्या चार छोट्या बत्त्यांवर चार बोटं कुंकू.

"मम्मी, बत्त्या झाकल्यास तू."

"असूंदे. पूजेचं कुंकू पुसत नस्तात."

ते तसंच वाळलं. त्याखाली एके दिवशी माझी शेजारीण मेली. तिची बत्ती लाल झाली, पण कुंकूही लालच. डिस्क मेली की वाजणारा डब्याचा भोंगा शूटिंगमध्ये नको म्हणून कधीच बंद केलेला. कुणाला काही कळलं नाही. आम्ही तिघी तिचंही काम ओढत राहिलो. नवी डिस्क बसवली असती, तर तिला सगळं लिहून दिलं असतं. ती आलीच नाही. मग आणखी एक थांबली. दोघी गेल्यावर हिशेब जुळत नाही. राहीबाईंच्या आवाजाचे तुकडे माझ्यात अजून आहेत, पण उरलेल्या आम्हा दोघींच्या तुकड्यांचं गाणं होत नाही.

हळदीसाठी धवले काढायला गेले तर ते उघडेनात. डबा तपासून रबाळ्याच्या दुरुस्तीवाल्याने विचारलं, "दुसरी कॉपी कुठाय?"

"चार-चार डिस्का हायेत ना आत," शिवादादा पुटपुटले.

मित्रांनो, आम्ही एकमेकींना सावरतो, पण आमच्यातली कोण मेली हे तुम्हीच बघायला हवं. आणि जे पुन्हा मिळणार नाही, त्याची एक प्रत वेगळ्या घरात ठेवा.

हळद दुसऱ्या दिवशी होती. शालनचा फोन सारखा वाजत होता.

"सांग, शोधतोय," शिवादादा मनस्वीला म्हणाले.

"लगीन होऊंदे. मग सांगू," मम्मी म्हणाली.

मनस्वीने मला डब्यातून काढलं, रुमालात गुंडाळलं आणि चपला घातल्या.

"मी शालनमावशीकडे चाललेय. आजीचा आवाज गेला, आणि तो आपल्यामुळे गेला, हे मी आत्ताच सांगणार. तुम्ही आलात तर बरं, नाही तर मी एकटी जाते. उद्या धवले कोण म्हणणार, हे बघायला तिला निदान आजची रात्र तरी मिळूदे."