गिलाव्याखालचे पांढरे खडे

मी एक जुना बुरूज आहे. अबहा शहराच्या वर, असीरच्या डोंगरात, अरअर नावाच्या सुवासिक झाडांच्या रानात मी उभा आहे. मित्रांनो, सौदी अरेबिया म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे वाळू येते. माझ्या डोळ्यांपुढे धुकं येतं.

कमरेपर्यंत मी दगडाचा, वर मातीचा. मातीच्या भिंतीतून पातळ फरशांच्या ओळी बाहेर डोकावत. पाऊस त्यांच्यावर पडे आणि भिंतीला न शिवता खाली ओघळे. माझ्या माथ्यावरून रानाची राखण चाले. कुठे धूर दिसला की राखणदार ढोल बडवी आणि गावकरी पाण्याच्या पखाली घेऊन धावत. आग विझली की ज्याने धूर पाहिला त्याने माझ्या भिंतीत गारगोटीचा एक पांढरा खडा बसवायचा, अशी रीत होती. राखणदारांचा नियमही एकच. धूर उशिरा दिसला तरी चालेल, पण दिसल्यावर गप्प बसायचं नाही.

असे एकोणचाळीस खडे मी अंगावर मिरवले. शेवटचा मुफर्रेह नावाच्या राखणदाराने बसवला. तेव्हा त्याच्या दाढीत एकही पांढरा केस नव्हता.

पुढे रस्ता आला, गाड्या आल्या, ढोल थांबला. माकडांनी माझ्या माथ्यावर संसार थाटला. मुफर्रेह मात्र येत राहिला. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या दोन फुटक्या फरशा बदलायला त्याने एक गवंडी आणला. शौकत त्याचं नाव, रत्नागिरीकडचा. काम करताना तो स्वतःशीच बोले. तुमची भाषा मी त्याच्याकडूनच शिकलो.

"ही काय रीत झाली?" फरशांकडे बघून तो म्हणाला. "अर्धं काम टाकून पळाला वाटतं मेला!"

चार महिने पाऊस झेलणाऱ्या गावचा माणूस तो, उघडी मातीची भिंत त्याला बघवेना. मुफर्रेह आठवडाभर परगावी गेला, तेवढ्यात शौकतने सगळ्या फरशा छाटल्या आणि पायापासून माथ्यापर्यंत मला सिमेंटचा गुळगुळीत गिलावा केला. अगदी मायेने केला. खडेही त्याखाली गेले. मुफर्रेह परतला आणि खडे होते तिथे त्याने गिलाव्यावरून हात फिरवला. परदेशातून पोटासाठी आलेल्या माणसाचं मन कसं मोडायचं? "माशाअल्लाह," एवढंच कौतुकाचं बोलून त्याने चहा ओतला.

मित्रांनो, त्या गिलाव्यात माझा श्वास कोंडला. ओल आत मुरली, भिंतीला पोट आलं. गेल्या वर्षी माझ्यावर 'धोकादायक' अशी पाटी लागली. मला पाडून इथे कॅमेऱ्याचा लोखंडी खांब उभा करायचं ठरलं.

अशात रानाची राखण करणाऱ्या जुन्या बुरुजांच्या दुरुस्तीसाठी छोटी छोटी अनुदानं निघाली. माझ्यासाठी अर्ज करायचा म्हणून पाहणीला झेबा आली. ती शौकतची पुतणी, जेद्दात वाढलेली. गवंडी म्हणून तिने आपल्या चाचालाच आणलं. गाडीतून उतरून त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो तिथेच थबकला.

"अनुदानाची कमिटी दुपारी येतेय, चाचा," झेबा म्हणाली. "इथून आगीवर नजर ठेवायचे, याचा पुरावा हवा. नाहीतर खलास. उद्या पाडायचं मशीन येईल."

"मी होतो की इथे," माझ्या पायाशी चहा घेऊन बसलेला मुफर्रेह म्हणाला.

"मग अर्जाला तुमचा फोटो लावू?"

"लाव. माकडांचाही लाव. ती माझ्याहून जास्त राहिलीत." मग तो हळूच म्हणाला, "पुरावा भिंतीतच होता, बेटी. एका भल्या माणसाने झाकला."

"कोण तो?"

मुफर्रेहने चहाचा घोट घेतला. शौकतकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

शौकतने माझ्यावर तळवा ठेवला. तो डावखुरा. थापीचे फराटे सगळे उलट्या बाजूला वळलेले होते. आपला हात त्याने ओळखला. मी मनात ओरडत होतो, बोल बाबा, बोल!

"झेबा," तो शेवटी म्हणाला, "हा गिलावा माझा हाय."

"तुमचा? चाचा, अहो, तुमच्यासारखा कारागीर नाही असं मी लिहून दिलंय त्यांना!"

"आता ते खोड. आणि छिन्नी दे."

कमिटीचे लोक आले तेव्हा तो घामाने निथळत गिलावा फोडत होता. त्यांच्यासमोरही त्याने लपवलं नाही. "चूक माझी, बुरुजाची नाय," तो म्हणाला, आणि झेबाने ते अरबीत सांगितलं. तोवर सात खडे उघडे पडले होते. मुफर्रेहने एकेकावर बोट ठेवून कुठली आग कोणी पाहिली ते सांगितलं. त्यांनी पाटी काढून घेतली.

अनुदान लहानच होतं, पण माती, फरशा आणि दोन म्हाताऱ्यांना पुरलं. मुफर्रेह सांगे तशी शौकत एकेक फरशी लावी. फरशा लावून झाल्या तेव्हा मुफर्रेहने खिशातून एक पांढरा खडा काढला.

"हा कशाला?" शौकतने विचारलं. "आग कुठे लागली?"

"धूर उशिरा दिसला तुला," मुफर्रेह म्हणाला. "पण तू गप्प बसला नाहीस."

शौकतने डाव्या हाताने तो बसवला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. पण हात लावण्याआधी, हे असं का केलंय, एवढं कुणा जाणत्याला विचारा. माझा चाळिसावा खडा जरा तिरका बसलाय. तो सरळ करायला कुणी आलं, तर त्यालाही हेच सांगा.