दोन विहिणींचं चालणं

माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. पलंगावरून उठून मशीनवर आणि मशीनवरून उठून ताटावर, एवढाच काय तो त्यांचा प्रवास. मधुमेहाला बारा वर्षं झालेली. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, पण चालण्याचा विषय काढला की म्हणायच्या, "दिवसभर पाय मशीनवर चालतातच की!" मशीन विजेवर चालतं, हे त्यांना कोण सांगणार?

मग एका तपासणीत लघवीतून प्रथिनं जात असल्याचं निघालं.

"साखरेचा ताण किडन्यांवर पडायला लागलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून फार बिघडलेलं नाही. मी गोळी देते, पण रोज अर्धा तास भरभर चालायचं. ते तुमच्या वतीनं दुसरं कुणी करू शकत नाही."

घरी आल्यावर सासूबाईंनी मशीनला हातही लावला नाही. सख्ख्या भावाचं डायलिसिस त्यांनी जवळून पाहिलं होतं. मी लगेच माझ्या आईला फोन केला.

आईनं तीस वर्षं दारोदार टपाल वाटलेलं. निवृत्त झाली तरी तिचे पाय घरात ठरत नाहीत. पण दोघी विहिणींचं सख्य बेताचंच. "कशा आहात?" "बरी आहे," की संपलं बोलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आई दारात हजर.

"चला, विहीणबाई."

"गिऱ्हाईक यायचंय माझं."

"सहा वाजता? उघडंनागडं येणार आहे का ते?"

सासूबाईंना हसू आवरलं नाही, आणि हसल्यावर नाही म्हणता येईना.

पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत जाऊनच त्यांना धाप लागली. आईनं वेग कमी केला. "बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढंच चालायचं," ती म्हणाली. आणि बोलायला काय कमी होतं! एका खिडकीकडे बोट दाखवून आई कुजबुजली, "इथल्या मुलीला प्रेमपत्रं यायची. बापाच्या हाती लागू नयेत म्हणून मी मागच्या दारानं द्यायचे."

सासूबाई थबकल्याच. "अहो, हिच्या लग्नाचे कपडे मी शिवले! पत्रं कोणाची होती?"

आईनं नाव सांगितलं.

"अगंबाई! नवरा तर दुसराच!"

त्या दिवशी दोघी तासाभरानं परतल्या. मग रोजचंच झालं. एकीला पत्ते पाठ, दुसरीला मापं.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आली. सासूबाईंना एवढा हुरूप, की त्या दिवशी पहाटे टेकडीच्या पायऱ्या दोनदा चढून त्या तिथूनच लघवी तपासायला गेल्या. रिपोर्ट आला आणि प्रथिनं आधीपेक्षा वाढलेली!

"तुमच्या नादाला लागले आणि होतं तेही घालवून बसले," त्या आईला म्हणाल्या आणि बूट माळ्यावर टाकले. आई आल्या पावली परत गेली. दोन दिवस ती आमच्याकडे फिरकली नाही, घरी धड जेवलीही नाही. शेवटी मीच दोघींना डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं.

"तपासणीआधी काय केलं होतं?" त्यांनी विचारलं.

"पायऱ्या चढलो," आई खाली मान घालून म्हणाली.

"दोनदा," सासूबाईंनी भर घातली.

डॉक्टरीणबाई हसल्या. "जोराच्या व्यायामानंतर एखादा दिवस प्रथिनं जास्त दिसू शकतात. त्यानं किडनी बिघडत नाही, आकडा तेवढा फसवतो. दोन दिवस दमानं घ्या आणि सकाळची पहिली लघवी द्या."

या वेळी आकडा पहिल्यापेक्षाही खाली होता. पूर्ण गेला नव्हता, पण साखरही उतरली होती. "गोळीचं श्रेय किती आणि पायांचं किती, ते मला विचारू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन्ही चालू ठेवा."

बाहेर पडताना सासूबाईंनी आईचा हात धरला. "रागाच्या भरात बोलले हो मी."

"मला काय, मी रोज कुत्र्यांचं भुंकणं ऐकलेली बाई," आई म्हणाली. दोघी रस्त्यातच खो खो हसत सुटल्या.

आता सासूबाई शिवलेले कपडे स्वतः पोचवतात आणि वाट आई दाखवते. परवा पुलापलीकडचं एक गिऱ्हाईक घरी नव्हतं. दोघी त्याच्या पायरीवर बसल्या, एक संत्रं अर्धं अर्धं खाल्लं आणि ते येईपर्यंत गप्पा मारत राहिल्या. इकडे दुकान मी सांभाळत होते. एका विजारीची बटणंही लावून टाकली.