एकोणीस नंबरचा हात

मला माणसांचे चेहरे दाखवत नाहीत. नुसते हात. कामच ते: प्रयोगशाळेत पडदे ओढून बसायचं आणि पार्किन्सनच्या रुग्णांचे व्हिडिओ बघायचे. अंगठा नि तर्जनी पटापट वीस वेळा जुळवायची, एवढीच परीक्षा. झकास जमलं तर शून्य, अजिबात नाही तर चार. मेंदूतलं डोपामाइन नावाचं रसायन आटलं की बोटं अडखळतात, आणि ते टिकवून धरणारं एक औषध आम्ही तपासतोय. औषध कुणाला चालू आहे नि नुसती साखरेची गोळी कुणाला, हे मला मुद्दाम सांगत नाहीत. नाव तर नाहीच नाही. कळलं की डोळा लबाडी करतो. ओळखीचा हात दिसला तर ताबडतोब सांगायचं आणि ती फाइल सोडायची, असा नियम. नव्या लोकांना तो मीच शिकवते, चांगला कान पिळून.

आणि मार्चमध्ये एकोणीस नंबरचा हात समोर आला. तर्जनीचं नख मधोमध दुभंगलेलं. लहानपणी ते बोट दारात मीच चेंगरलं होतं. अगं बाई, दादा!

सहा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. आई गेली त्या दिवशी मी इथेच होते. मेंदूचे नमुने फ्रीझरमधून काढलेले. उजेड-हवा लागली की डोपामाइनचं मातेरं होतं, म्हणून हातातलं संपवूनच निघाले. तीन तास उशीर झाला. "जा, तुझं डोपामाइन सांभाळ," दादा सगळ्यांदेखत म्हणाला. मीही काही कमी नाही, तशीच मागे फिरले.

आता तोच दादा पडद्यावर बोटं जुळवत होता आणि ती जुळत नव्हती. चौथ्या-पाचव्या वेळी हात गोठायचा. खरं तर तीन. मी लिहिला एक. आणि सांगितलं कुणालाच नाही. सांगितलं असतं तर एवढाही दादा उरला नसता मला. घरी वाट बघायला आहे कोण? दाराचं कुलूप. मग दर गुरुवारी एकोणीस नंबर आला की मी खुर्ची पुढे ओढायची, "अरे, सावकाश" असं पडद्याला बजावायची आणि एक लिहून मोकळी व्हायची.

परवा बाईंनी बोलावलं. बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख, वयाने माझ्याहून लहान. प्रत्येक हात दोघे जण तपासतात. दुसरा परीक्षक दुसऱ्या शहरात बसतो. बाईंनी दोघांचे कागद पुढे सरकवले.

"बाकी सगळ्यांचं तुमचं जुळतं. या एकोणीसचं काय झालंय?"

त्या दुसऱ्या परीक्षकाचे आकडे: तीन, तीन, तीन, मग दोन, दोन, एक. माझे सहाही गुरुवार एक.

दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. गोळी कुठली होती कोण जाणे, पण दादा सुधारत होता. माझ्या नाकासमोर सुधारत होता आणि मला मेलीला दिसलं नाही. मी त्याला पहिल्याच दिवशी बरा करून टाकला होता ना! माझ्या कागदावर त्याला काडीचाही गुण आला नव्हता.

"माझा भाऊ आहे तो," मी म्हणाले आणि तिथेच रडले.

बाईंनी पाणी दिलं. मग माझे आकडे बाद केले आणि फाइल काढून घेतली. "आणि हे बघा, आजाराबद्दल त्यांच्याकडे अवाक्षर काढायचं नाही. तुम्हाला ते कळायलाच नको होतं."

"नुसता फोन केला तर?"

"बहीण म्हणून करा की. कोण अडवतंय?"

जिन्यात उभी राहून केला. नंबर पाठ होता.

"दादा, मी बोलतेय."

पलीकडून घाबरा आवाज आला, "कोण गेलं?"

"कोणी नाही रे. सहज केला. कसा आहेस?"

"मी? मला काय धाड भरलीय! ठणठणीत आहे."

मला सगळं माहीत होतं आणि चकार शब्द काढायची सोय नव्हती. "बरंय," मी म्हणाले.

"आणि तू?"

"एकटी आहे," मी म्हणाले. "ठेवू नकोस एवढ्यात."